सोपवणीची चाल

अक्काचा आवाज गेला त्या आठवड्यात मी तिच्याशी तीनदा भांडले. जिला उलट बोलता येत नाही तिच्याशी भांडायची लाज वाटायला हवी, पण माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, आणि ती तर माझी गुरू. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. गळ्याला खाली भोक, भोकात नळी, उशाशी पाटी-पेन्सिल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आवाज परत येणार नाही, नळी रोज साफ करायला लागेल, ह्यांना एकटं ठेवू नका. मी म्हटलं, "आमच्याकडं चल की. मी आहे, ताई आहे, दोघी रिटायर होऊन भिंतीकडं बघत बसलोय." अक्कानं पाटी ओढली आणि लिहिलं : खोली.

खोली म्हणजे तिची भाड्याची खोली. हुबळीत मिरचीच्या वखारीमागच्या गल्लीत, उभ्या दगडी जिन्यावर. तिथं ती सगळं आयुष्य एकटी राहिली. आता त्या जिन्यावर तिला धाप लागते, आणि नळीत काही अडकलं तर हाक मारायला आवाज नाही. हे सगळं मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि पाटीवरच्या त्याच दोन अक्षरांखाली रेघ ओढली.

अक्का माझ्या नात्यातली नव्हे. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि आमच्या हुबळीत ज्याला त्याला गल्लीत एक तरी अक्का असतेच. पण नुसतं 'अक्का' म्हटलं की आमच्या वस्तीत ही एकच. दिवसा वखारीत मिरचीचे देठ खुडायची आणि रविवारी, सणासुदीला डफ घेऊन गायची. जयंतीच्या मंडपात गायची, बारशाला, हळदीला, बायकांच्या मोर्चात, पाण्यासाठी बसलेल्या धरण्यात गायची. गाणी स्वतः बांधायची. कडवं मराठीत आणि पालुपद कानडीत, म्हणजे गल्लीतल्या एकाही बाईला 'मला येत नाही' म्हणायची सोय उरायची नाही. मुलीची शाळा, नवऱ्याची दारू, सासूचा जाच, पाळीच्या दिवसांत बाहेर बसवणं, कशावरही गाणं तयार. पुरुषमंडळी हसत टाळ्या वाजवायची आणि घरी जाऊन बायकोला विचारायची, "हे तिला तू सांगितलंस काय?"

मी तिच्या गाण्याच्या पार्टीत शिरले ते ढोलकीवाला रुसला म्हणून. दारूवरचं गाणं सुरू होतं. तिसऱ्या कडव्यात त्याला आपलंच घर दिसलं असावं. ढोलकी खाली ठेवून गडी तरातरा निघून गेला. मी सोळा वर्षांची, पुढच्या रांगेत बसून अप्पांच्या जेवणाच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवत होते. अक्कानं गाणं न थांबवता माझ्याकडं बघितलं आणि हातानं बोलावलं. नंतर म्हणाली, "ह्या पोरीच्या बोटांना खाज हाय. कामाला लावू या." पोरीनं मांडीखाली ढोलकी घेऊन चारचौघांत बसायचं म्हणजे काय, ह्यावर वस्तीत चार दिवस चर्चा झाली. अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि अक्काच्या गाण्यांचे भक्त. ते म्हणाले, वाजवू दे.

वाजवायला लागले खरी, पण माझा एक दोष होता. मी पळायचे. गाणं रंगात आलं की माझी बोटं पुढं आणि अक्का मागं. गाता गाताच ती डाव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटावर आपटायची. एक… दोन… आणि गाणं संपल्यावर सगळ्यांसमोर, "अगं ए, ढोलकी काय बस पकडायला निघाली हाय?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तिच्या त्या दोन बोटांशिवाय मला कधी लय सापडली नाही, हेही खरं.

अक्काच्या आधीच्या आयुष्याचं तिनं मला एकदाच सांगितलं, अळणावरच्या स्टेशनावर, गाडीची वाट बघताना. चौदाव्या वर्षी बेळगावकडच्या एका घरात दिलेली. दोन वर्षं मार खाल्ला आणि मग कापडाची एक पिशवी घेऊन भावाच्या दारात आली. भावानं पिशवी उचलून रस्त्यावर ठेवली. फेकली नाही हं, नीट ठेवली. "फेकली असती तर राग तरी आला असता," अक्का म्हणाली. तेव्हापासून ती कुणाच्या घरी मुक्कामाला राहिली नाही. जेवायला बसायची, पोटभर जेवायची, पण पिशवी उंबऱ्याबाहेर चपलांजवळ. मी ती आत आणून ठेवली तर उठून पुन्हा बाहेर ठेवून यायची. त्यामुळं पाटीवरच्या त्या दोन अक्षरांचा अर्थ मला चांगला कळत होता. म्हणूनच तर मी इतकी चिडले होते.

आता ताईचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. कलघटगीत दिलेली. नवरा ट्रकवर होता. पहिली मुलगी झाल्यावर सासू महिनाभर बोलली नाही. मग नवऱ्याचा हात सुटला. ताई दोनदा पळून घरी आली आणि दोन्ही वेळा अप्पांनी चहा पाजून, समजावून, स्वतः बसमध्ये बसवून परत पाठवली. आमच्याकडं लग्नात अक्षता नसतात, फुलं उधळतात. अप्पांचं एकच म्हणणं, "उधळलेली फुलं कोणी वेचून घरी आणत नाही." हाच माणूस मंडपात अक्काच्या गाण्याला 'वा, वा' करायचा! मला त्यांचा इतका राग यायचा की मी ढोलकीच्या कड्या आवळताना दात-ओठ खायचे. आई मधल्या मध्ये रडायची आणि भाकऱ्या थापायची.

मग ताईला दुसरीही मुलगी झाली. सासूनं सांगून टाकलं, दुसरीचं बारसं करायचं नाही, आणि मुलासाठी दुसरी बायको बघायची भाषाही सुरू झाली. ताईनं कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला. 'ह्या खेपेला अप्पांनी मला परत पाठवलं तर मी दोघींना घेऊन विहिरीवर जाईन.' निरोप आईला आला, आईनं मला सांगितला, आणि मी तशीच वखारीत पळाले. शिंका देत, डोळे पुसत अक्काला सांगितलं. तिथं सगळेच डोळे पुसत असतात, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. अक्कानं हातातली मिरची खाली ठेवली. "बारसं करत नाहीत? आपण करू की. पाळणा म्हणायला बोलावणं कशाला लागतंय?"

अप्पांना तिनं एवढंच सांगितलं, "नातीचं बारसं हाय. आजोबा नको काय?" अप्पा आले. हातात झबलं आणि टोपडं. त्यांना वाटलं, नाव ठेवायचं आणि परत यायचं.

त्या बारशासाठी अक्कानं नवीन पाळणा बांधला होता. चाल तिला वखारीत मिळालेली. शेजारी देठ खुडणारी एक कानडी बाई बरेच दिवस शब्दांवाचून, नुसती गुणगुणत होती. संथ, खाली खाली उतरत जाणारी चाल. अक्काला वाटलं, अंगाईच आहे. तिनं त्यावर शब्द बसवले :

*लेकीच्या गं येण्याला नको सांज, नको सकाळ,*
*तिचं घर तिथंच गं, जिथं पुरली तिची नाळ.*
*बा मगळे, मनिगे बा.*

ये लेकी, घरी ये, असं ते पालुपद. अर्थ जगात आलेल्या बाळाला उद्देशून. बाळाची आई पोटच्या पोरींसकट विहिरीच्या वाटेवर आहे हे आईला, मला आणि अक्काला ठाऊक होतं, पण गाणं बाळाचं होतं.

कलघटगीत आम्ही पोचलो तर सासूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पण व्याही दारात आले आणि मागं डफ-ढोलकी, मग काय करणार? नवरा बाहेर कट्ट्यावर बसून राहिला. ढोलकीवर थाप पडली तशा शेजारपाजारच्या कानडी बायका दारात जमल्या. पलीकडच्या घरातली एक म्हातारी अव्वा तर सरळ आत येऊन ताईशेजारी बसली. तिची आणि ताईच्या घराची भिंत एकच होती. ताई वाळून काडी झालेली. बाळ पाळण्यात, थोरली दोन वर्षांची तिच्या पदराला.

अक्कानं पहिली ओळ घेतली. आणि दारातल्या बायका एकदम गप्प झाल्या.

मला कळेना. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी रडायलाच लागली. मी घाबरून आणखी पळायला लागले, अक्काची बोटं माझ्या मनगटावर आपटली. आणि तेवढ्यात त्या म्हातारीनं, अगदी सवयीनं केल्यासारखा, ताईचा उजवा हात उचलला. तिनं इकडंतिकडं बघितलं. सासू पाठ फिरवून चुलीकडं गेली होती. जवळ अप्पा बसले होते. म्हातारीनं ताईचा हात अप्पांच्या हातात ठेवला, वर आपला सुरकुतलेला हात ठेवून दाबला आणि म्हणाली, "निम्म मगळन्न तगोरी." तुमची मुलगी घ्या.

ती चाल अंगाई नव्हतीच. त्या भागात लग्न लागल्यावर मुलगी सासरच्यांच्या हाती सोपवताना बायका जे गाणं म्हणतात, त्याची ती चाल. तिच्यावर मुलीचा हात उचलायचा आणि ज्यांनी तिला सांभाळायचं त्यांच्या हातात द्यायचा, अशी रीत. गाणं सुरू झालं आणि हात कुणाच्याच हातात दिला नाही, असं व्हायचं नाही. कानडी घरातल्या कुठल्याही पोरीला हे ठाऊक. आम्हा मराठी बोलणाऱ्यांना कानडी येतं, कानडीत भांडता येतं, कानडीत भाजी घेता येते, पण त्यांच्या लग्नाच्या आतल्या खोलीत आम्ही कधी बसलो नव्हतो.

अप्पांना कानडी चांगलं यायचं. त्यांना शब्द कळले, आणि दारातल्या बायका का रडतायत तेही हळूहळू कळलं असणार. त्यांनी हात सोडला नाही. मी त्यांच्याकडं बघत वाजवत होते. माझ्या मनात एकच, सोडू नका, अप्पा, सोडू नका. अक्का गात राहिली. गाणं संपलं तरी तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण थांबलं तर काय होईल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्यांदा पालुपद आलं तेव्हा अप्पा उठले. एका हातात ताईचा हात होताच, दुसऱ्यानं त्यांनी पाळण्यातलं बाळ उचललं. मला म्हणाले, "थोरलीला घे." मी ढोलकी टाकून भाचीला कडेवर घेतली. कट्ट्यावरून नवरा उठला. "कुठं निघालात?" अप्पा म्हणाले, "घरी." सासू आतून काहीतरी ओरडत होती, पण दारात कानडी बायकांची भिंत उभी होती आणि तिला बाहेर येता येईना. बसमध्ये अप्पा सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले, "खिडकी लाव, पोरीला वारं लागतंय."

अक्का मात्र पार खचली होती. "बारशाला पाठवणीची चाल म्हटली गं मी! अशुभ केलं." दुसऱ्या दिवशी तिनं वखारीतल्या त्या बाईला गाठलं. ती बाई म्हणाली, माझी मुलगी ह्याच वर्षी दिली, म्हणून तीच चाल तोंडात बसलीय. झालेलं सगळं ऐकल्यावर मात्र ती हसू लागली आणि हसता हसता रडली. मिरचीच्या हातानं डोळे पुसले आणि मग दोघींची जी तारांबळ उडाली, विचारू नका.

त्यानंतर अक्काची कामाची पद्धतच बदलली. कुठल्याही गावात गेलं की आधी तिथल्या म्हाताऱ्यांत जाऊन बसायचं. कुठली चाल तुम्ही कधी म्हणता, त्या वेळी हात कुठं असतात, कोण रडतं, कोण उभं राहतं, हे सगळं विचारून घ्यायचं. गाणं नंतर. आणि सोपवणीची चाल तिनं मुद्दाम ठेवली. सासरी जीव नकोसा झालेली मुलगी असेल तिथं, तिच्या बापाला, भावाला समोर बसवून ती म्हणायची. उलटी सोपवणी, असं आम्ही म्हणायचो. वखारीतल्या दोन बायका आमच्याबरोबर फिरू लागल्या, नंतर ताईही येऊ लागली. हात उचलायचं काम ताईचं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सगळीकडं जमलं, असं नाही. अळणावरकडच्या एका गावात ताईनं मुलीचा हात उचलला आणि तिच्या बापानं आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले. आम्ही तीनदा गाणं म्हटलं. त्यानं हात सोडवले नाहीत. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे आणि लिहायचं नाही. अक्कानं त्यानंतर महिनाभर डफाला हात लावला नाही, आणि मीही ढोलकी कोपऱ्यात उभी केली होती. एक दिवस वखारीतून येताना ती आमच्या दारात उभी राहिली, पिशवी बाहेर ठेवली आणि म्हणाली, "चल, उठ. जी राहिलीय तिच्यासाठी तरी."

ते दिवस आठवले की वाटतं, काय ती आमची पार्टी! बसच्या टपावर ढोलकी, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, धारवाडच्या स्टँडवर पेढ्याच्या दुकानासमोर उभं राहून नुसता वास घेणं. ताई नर्सिंग शिकली आणि देशपांडे नगरातल्या एका दवाखान्यात पुढं सगळी नोकरी केली. पाळण्यातली ती छकुली आता अळणावरला शाळेत शिकवते. अप्पा गेले तेव्हा शेवटचं चमचाभर पाणी ताईच्या हातचं. ह्या सगळ्यात अक्काचा वाटा केवढा, ते मोजायला मी बसत नाही. पण तिला स्वतःला कुणीच कधी घरात घेतलं नाही, हे मी विसरत नाही.

तर अक्काला दवाखान्यातून घरी सोडायचा दिवस उजाडला. मी रिक्षा सांगून ठेवली होती. अक्का पलंगावर पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर पाटी. पाटीवर खोली. मी म्हटलं, "अगं बये, तिथं नळीत कफ अडकला तर कोण येणारे? भिंत?" तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "ताई नर्स होती, तिला सगळं येतं." पाटीवर आणखी एक रेघ. मला रडूच कोसळलं. रागानं म्हटलं, "तुझ्या भावानं पिशवी बाहेर ठेवली, त्याचा सूड आमच्यावर का काढतेस?" वॉर्डातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. अक्का माझ्याकडं बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

ताई औषधं घेऊन आली. तिनं आम्हा दोघींकडं बघितलं आणि पाटी वाचली. औषधांची पिशवी पलंगावर ठेवून तिनं अक्काचा उजवा हात उचलला. मग मला म्हणाली, "म्हण."

मी म्हटलं, "मी? मी आयुष्यात वाजवलंय, गायले नाही."

"दुसरं कोण हाय? म्हण की."

मी गायले. आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीसारखा, त्यात हुंदके. लेकीच्या गं येण्याला नको सांज, नको सकाळ. वॉर्डातल्या एका कोपऱ्यातली कानडी बाई एकदम उठून बसली, तिला चाल कळली. ताईनं अक्काचा हात माझ्या हातात ठेवला आणि वरून दाबला. "तगो," ती मला म्हणाली. "तुझी अक्का घे."

अक्काचा हात लाकडासारखा ताठ होता. ती तो ओढून घेणार, हे मला बोटांतून कळत होतं. घाबरले की मी काय करते ते तुम्हाला आता ठाऊकच आहे. मी पळायला लागले. दुसरी ओळ पहिलीवर चढली, पालुपद कुठल्या कुठं.

तेवढ्यात माझ्या मनगटावर दोन बोटं आपटली. एक… दोन…

मी सावकाश झाले. ती पालुपद संपेपर्यंत ताल देत राहिली. रिक्षात बसेपर्यंत तिनं हात सोडला नाही, आणि घर आल्यावर पिशवी तिनं स्वतःच्या हातानं उंबऱ्याच्या आत ठेवली.